कार्व्हरनंतर कोण?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना ओघात लिहून गेले की, मराठी वाचकाला अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस नीट ठाऊक असतो तो एकच, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, आणि तोही वीणा गवाणकरांच्या कृपेनं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागावलेली होती, बरीचशी 'मग सांगा ना पुढे काय वाचायचं ते' अशी. म्हणून या वेळची सगळी पानं त्यालाच दिली आहेत. नेहमीची सूचना पुन्हा करते. मी समीक्षक नाही. 31 वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे बसले. पुस्तक थोर आहे की नाही हे मला सांगता येत नाही, ते कोणाच्या हातात द्यावं एवढं थोडंफार कळतं.

'एक होता कार्व्हर' मी तीनदा वाचलं, मुलांनाही वाचून दाखवलं. पण ते आपल्याकडच्या लेखिकेनं लिहिलेलं. त्या माणसांनी स्वतःबद्दल स्वतःच्या हातानं काय लिहिलं आहे? सुरुवात कुठून करू? (निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण)

सर, पुढचं दार तुमच्या त्याच पुस्तकात आहे. कार्व्हरना 1896 साली टस्कीगीच्या आपल्या शिक्षणसंस्थेत बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन आठवत असतील. त्यांचं आत्मचरित्र 'अप फ्रॉम स्लेव्हरी' 1901 चं. इंग्रजी सरळ आहे, चार बैठकीत होईल. तुम्ही शाळा चालवलीत, म्हणून त्यातला एक प्रसंग सांगते. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत हा पोरगा पोचतो तेव्हा खिशात 50 सेंट असतात. कित्येक दिवसांची अंघोळ नाही, कपडे मळलेले. बाई त्याला प्रवेश देत नाहीत आणि हाकलूनही देत नाहीत. तो नुसता ताटकळत राहतो. काही तासांनी बाई म्हणतात, शेजारची खोली झाडायची आहे, झाडू घे. तो ती खोली तीनदा झाडतो. मग फडकं घेऊन चारदा पुसतो. बाई येतात, स्वतःचा रुमाल काढून भिंतीच्या लाकडावरून, टेबलावरून, बाकांवरून फिरवतात. रुमालाला धूळ लागत नाही. झाला प्रवेश.

हा प्रसंग तुम्ही प्रार्थनेनंतर मुलांना सांगाल, मला माहीत आहे. सांगा. पण लगेच डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' (1903) हातात घ्या. त्यात एक अख्खं प्रकरण बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या विरोधात आहे. वॉशिंग्टन म्हणायचे, आधी हाताला काम शिका, चार पैसे गाठीला बांधा, मतदानाचं आणि बरोबरीचं नंतर पाहू. डु बॉइस हार्वर्डचे डॉक्टरेट. ते विचारतात, मताचा हक्क सोडला, उच्च शिक्षण सोडलं, तर गाठीला बांधलेलं टिकवणार कशाच्या जोरावर? ते पुस्तक वाचल्यावर मला तो झाडूचा प्रसंग पहिल्यासारखा वाचता येईना. खोली लख्ख झाली हे खरं, पण गोऱ्या मुलाला कोणी झाडू दिला असता का?

हे भांडण आपल्याला परकं नाही. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि 1946 साली बाबासाहेबांनी या डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. डु बॉइसनी उत्तरात कळवलं की तुमचं नाव मला माहीत आहे.

तिसरं पुस्तक फ्रेडरिक डग्लस यांचं 1845 चं आत्मकथन. सव्वाशे पानंसुद्धा नसतील. बाल्टिमोरमध्ये मालकीण या गुलाम पोराला मुळाक्षरं शिकवायला लागते. मालकाला कळतं. याला बोट दिलं तर हात धरेल, वाचायला शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल, अशा अर्थाचं तो तिला त्या पोरासमोरच सुनावतो. डग्लस लिहितात, सुटकेची वाट कुठली ते मला त्या दिवशी कळलं. मग ते घरातून पावाचे तुकडे खिशात घालून बाहेर पडायचे आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना देऊन बदल्यात अक्षरं शिकायचे. पाव देऊन अक्षर घेतलेला हा माणूस पुढे त्या शतकातला नावाजलेला वक्ता झाला. हे पुस्तक आणि 'सोल्स' दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. नातवाला सांगा, मोठ्या टायपात छापून देईल.

बाई, मी एम.ए.ला आहे, मराठी माध्यमातून आले. 'बिलव्हेड' हातात घेतलं आणि वीस पानांत सोडलं. काय चाललंय तेच कळेना. माझं इंग्रजी कच्चं की आणखी काय? (विद्यार्थिनी, नांदेड)

तुझं इंग्रजी ठीक आहे गं. टोनी मॉरिसन तुला मुद्दामच अंधाऱ्या घरात ढकलते आणि दिव्याचं बटण कुठे ते सांगत नाही. 124 नंबरचं घर, त्यात वावरणारं मेलेलं बाळ, कोण कधी कुणाबद्दल बोलतंय याचा पत्ता नाही. मीही पहिल्या खेपेला सोडलंच होतं. आधी एवढंच माहीत करून घे. 1856 साली मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई मुलांना घेऊन पळाली. पकडणारे दाराशी आले तेव्हा तिनं आपल्या लेकीला स्वतःच्या हातानं मारलं, पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून. या घटनेवरून मॉरिसनना कादंबरी सुचली. 1987 ला ती आली आणि 1993 ला मॉरिसनना नोबेल मिळालं. गोष्टीचा गाभा आधी कळला म्हणून हिरमुसू नकोस. या पुस्तकाची मजा 'काय झालं' यात नाही.

पण पहिलं हे नकोच. अ‍ॅलिस वॉकर यांचं 'द कलर पर्पल' (1982) घे. सेली नावाची शाळा सुटलेली मुलगी देवाला पत्रं लिहिते, दुसरं कुणी नाही म्हणून. स्पेलिंगं चुकलेली, वाक्यं मोडकी. डोळ्यांनी वाचशील तर अडशील. मोठ्यानं वाच. आपल्याकडचा पुण्याचा वाचक अहिराणी किंवा मालवणी छापलेली पाहून आधी दचकतो, तसं आहे हे. कानावर पडलं की बाई समोर येऊन बसते.

त्यानंतर झोरा नील हर्स्टन. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड', 1937. या पुस्तकावर माझं फार प्रेम आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. फ्लोरिडातलं ईटनव्हिल हे फक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेलं, त्यांचाच कारभार असलेलं गाव. झोराबाई लहानाची मोठी तिथेच झाली. कादंबरीतली जेनी तीन लग्नं करते. दुसरा नवरा गावचा महापौर आणि दुकानदार. त्या दुकानाच्या ओसरीवर गावातले बाप्ये जमतात आणि अशा काही फेकाफेकी करतात की आपल्याकडचा पार आठवावा. एका मरतुकड्या खेचरावरून महिनोन् महिने थट्टा चालते, आणि खेचर मेल्यावर गाव त्याची साग्रसंगीत अंत्ययात्रा काढतं, भाषणं होतात. जेनीला मात्र तिथे तोंड उघडायची परवानगी नाही. केस फडक्यात बांधून गल्ल्यावर उभं राहायचं. ती पहिल्यांदा तोंड उघडते, सगळ्यांसमोर, ते पान आलं की मला लिहून कळव.

गंमत अशी की रिचर्ड राइटसारख्या मोठ्या लेखकानं तेव्हा या कादंबरीला झोडपलं होतं, यात काही विचार नाही, संदेश नाही म्हणून. पुढे झोराबाई 1960 मध्ये गरिबीत गेल्या. कबरीवर दगडही नव्हता. 1973 साली अ‍ॅलिस वॉकर गवतातून वाट काढत ती कबर शोधायला गेल्या आणि त्यांनी तिथे दगड बसवला. म्हणून म्हणते, 'कलर पर्पल' आणि हे पाठोपाठ वाच. माय-लेकींसारखी आहेत.

या बोलीची सवय झाली की पर्सिव्हल एव्हरेट यांचं 'जेम्स' (2024) वाच आणि पोट धरून हस. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मधला गुलाम जिम आठवतो? इथे गोष्ट तो सांगतो. गुलाम आपसात चोख, पुस्तकी भाषा बोलतात. गोरा माणूस दिसला की लगेच मोडकं-तोडकं सुरू, त्याला बरं वाटावं म्हणून. पोरांचा रीतसर वर्ग घेतला जातो: गोऱ्यांसमोर चुकीचं कसं बोलावं. 'बिलव्हेड'कडे मग ये. ते कुठे पळून जात नाही.

आपल्याकडे 'बलुतं' आहे, 'जिणं आमुचं' आहे, 'आयदान' आहे. ती न वाचता परदेशातल्या दुःखाचं कौतुक करायची ही नवी फॅशन तुम्ही का पसरवताय? (नाव छापू नये अशी विनंती, कल्याण)

अर्धी गोष्ट मान्य. मॉरिसन वाचून डोळे पुसणारे आणि दया पवारांच्या वाटेला न जाणारे वाचक मी टेबलावर पाहिले आहेत. ते एका समुद्रापलीकडचं दुःख सुरक्षित असतं म्हणून वाचतात. अशा माणसाला मी पुढच्या खेपेला 'बलुतं'च देत असे, न मागता.

उरलेली अर्धी मान्य नाही. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी संघटना काढली आणि नाव ठेवलं दलित पँथर. हे नाव अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून आलं. ती पोरं तिकडचं वाचत होती, म्हणूनच इकडचं तसं लिहू शकली. एक वाचलं की दुसरं मागे पडतं असा हिशेब त्यांनी केला नाही.

पण तुमच्या पत्रानं माझीच एक जुनी चूक वर आली, ती सांगून टाकते. आमच्या इंग्रजी विभागात मी हौसेनं एक फळी केली होती. त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'निग्रो साहित्य'. तेव्हा हाच शब्द मराठीत सर्रास होता. त्या फळीवर बाल्डविनचे निबंध, ह्यूजच्या कविता, हाइम्सची गुन्हेगारी कादंबरी, मुलांचं एक पुस्तक, सगळं एका ओळीत. कौतुकानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. एक दिवस कॉलेजमधली एक मुलगी तिथे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बाकीच्या कपाटांवर 'सवर्ण साहित्य' अशी चिठ्ठी का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. दोन दुपारी बसून मी ती फळी मोडली. कविता कवितांत गेल्या, निबंध निबंधांत, गुन्हेगारी कादंबरी रहस्यकथांत. फळीवर असताना हाइम्सला वर्षात तीन वाचक मिळाले होते. रहस्यकथांत गेल्यावर त्याची बांधणी पुन्हा करून घ्यावी लागली.

तुम्हाला दोन पुस्तकं सुचवते, वाद घालायला उपयोगी पडतील. इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' (2020) वर्णभेदाकडे जात म्हणून बघतं, बाबासाहेबांचा हवाला देतं. पण खरं सांगते, भारताबद्दलचा त्यातला मजकूर आपल्याला वरवरचा वाटतो. त्यापेक्षा त्यांचंच आधीचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स' (2010) कितीतरी भक्कम. 1915 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं सोडून शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला गेली. बाराशेहून जास्त लोकांशी बोलून त्यातल्या तिघांची आयुष्यं त्यांनी विणली आहेत. कापूस वेचणारी बाई, संत्र्याच्या बागेतला मजूर, एक डॉक्टर. रात्री गुपचूप निघायचं, ज्याचं देणं त्याला कळू द्यायचं नाही. तिकडे गेल्यावर गावकऱ्याच्या खोलीत पथारी टाकायची. कोकणातून गिरणगावात आलेल्यांच्या घरातली ही गोष्ट तुम्हाला ऐकूनच माहीत असेल. कल्याणच्या लोकलमध्ये वाचायला घ्या, साडेसहाशेच्या आसपास पानं आहेत, पुरतील.

बाई, मी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेला माणूस. दिवसभर दुकानात औषधं विकतो, रात्री रडायला वेळ नाही. तुमच्या या यादीत एखादी धमाल रहस्यकथा असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या. (औषधविक्रेते, मिरज)

असं पत्र आलं की माझा दिवस चांगला जातो. आत्ता वर ज्याची बांधणी करावी लागली म्हटलं, तेच घ्या. चेस्टर हाइम्स, 'अ रेज इन हार्लेम', 1957. हाइम्स स्वतः दरोड्याच्या गुन्ह्यात ओहायोच्या तुरुंगात होते, तिथेच लिहायला लागले. पुढे पॅरिसला गेले, तिथल्या एका संपादकानं पोलीसकथा लिहा म्हणून गळ घातली, आणि या माणसानं हार्लेमचे, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीचे, दोन डिटेक्टिव्ह उभे केले. नावंच बघा: कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर. शवपेटी एड आणि कबरखोद्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पंगतीला बसतील.

गोष्ट सुरू होते ती आपल्या ओळखीच्या फसवणुकीनं. जॅक्सन नावाचा भोळा, देवभीरू माणूस आयुष्याची कमाई एका भामट्याला देतो. भामटा दहा डॉलरच्या नोटांच्या शंभराच्या नोटा करणार असतो. नोटा खास कागदात गुंडाळायच्या, चुलीच्या भट्टीत ठेवायच्या, थांबायचं. भट्टीचा स्फोट होतो, त्याच क्षणी दारात पोलीस, आणि बाकी सगळे पसार. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे आपल्याकडेही कधी कमी पडले नाहीत. जॅक्सनचा जुळा भाऊ तर जोगिणीचा झगा घालून रस्त्यावर स्वर्गाची तिकिटं विकतो. मारामारी भरपूर आहे, ती भडक आहे, आणि मधेच हसता हसता हार्लेमची गरिबी अशी समोर येते की पान उलटायचं राहतं. पण तुम्ही रडणार नाही, हमी.

ते संपलं की वॉल्टर मोस्ली, 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' (1990). लॉस एंजेलिस, 1948. इझी रॉलिन्स युद्धावरून आलेला, विमानाच्या कारखान्यातली नोकरी गेलेली, घराचा हप्ता थकलेला. पांढऱ्या सुटातला एक गोरा येतो, एक बाई शोधून दे म्हणतो. इझी धोका पत्करतो तो बंदुकीच्या हौसेनं नव्हे, त्या छोट्या घरापायी. अंगणातली झाडं, दार उघडल्यावर येणारा वास, स्वतःच्या नावावरची जागा. गृहकर्ज फेडणारा प्रत्येक वाचक या गुप्तहेराच्या बाजूचा होतो. आणखी हवं असेल तर एस. ए. कॉस्बी यांचं 'ब्लॅकटॉप वेस्टलँड' (2020). गाड्या आवडत असतील तरच.

मावशी, मी सध्या लेकीकडे न्यू जर्सीला आहे. नात अकरा वर्षांची, पाचवीत. तिच्या वर्गात कृष्णवर्णीय मैत्रिणी आहेत. दोघींनी मिळून वाचावं असं काही सांगाल? तिचं मराठी जेमतेम, माझं इंग्रजी जेमतेम. (आजी, मूळ गाव सातारा)

मग मिल्ड्रेड टेलर यांचं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' घ्या, 1976 चं. तिकडच्या शाळेच्या ग्रंथालयात नक्की असेल. नात वाचेल, तुम्ही ऐका. मिसिसिपी, 1933. नऊ वर्षांची कॅसी गोष्ट सांगते. तिचा सहा वर्षांचा भाऊ लिटल मॅन भलता टापटिपीचा. शाळेचा पहिला दिवस, मुलांना पुस्तकं मिळतात. लिटल मॅनचं पुस्तक फाटकं, डागाळलेलं. ते ठीक. पण तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा तक्ता वाचतो आणि पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर नाचतो.

त्या तक्त्यात पुस्तक कधी, कुणाला दिलं, तेव्हा अवस्था काय होती हे लिहिलेलं असतं. पहिल्या अकरा ओळींत मुलाचा वर्ण गोरा. पुस्तक नवं होतं, मग चांगलं, मग बरं. बाराव्या ओळीत अवस्था: अत्यंत वाईट. मुलाचा वर्ण: कृष्णवर्णीयांना हिणवणारा तो हलका शब्द. मी जन्मभर पुस्तकांच्या मागे तारखेची चिठ्ठी चिकटवली. चार रेघांचा छापील तक्ता एवढं सगळं सांगू शकतो हे मला या पुस्तकानं दाखवलं. कॅसीची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. ती काय करते? शांतपणे कागद कापते आणि आपल्या वर्गातल्या पुस्तकांमधल्या त्या तक्त्यावर डिंकानं चिकटवून टाकते. इथे नातीला थांबवा आणि विचारा, तू काय केलं असतंस?

पुढे गोऱ्या मुलांची बस, चिखल आणि पोरांनी रस्त्यात खणलेला खड्डा आहे. ते वाचताना दोघी हसाल. शेवट जड आहे, तेव्हा जवळ बसा. हलकं हवं असेल तर जॅकलिन वुडसन यांचं 'ब्राउन गर्ल ड्रीमिंग' (2014). लेखिकेचं स्वतःचं बालपण, सगळं छोट्या छोट्या कवितांत. रोज दोन पानं. त्यातली आजी-आजोबांच्या घरची पानं तुम्हाला तुमची वाटतील.

विज्ञानकथा? (संगणक अभियंता, हिंजवडी)

एका शब्दाच्या प्रश्नाला एका नावाचं उत्तर: ऑक्टेव्हिया बटलर. आई लोकांच्या घरी काम करायची, स्वतः पडेल ती कामं करत पहाटे दोनला उठून लिहायची. 'किन्ड्रेड' (1979) पासून सुरू करा. 1976 सालातली डेना, वय 26, लॉस एंजेलिसच्या नव्या घरात पुस्तकं लावत असते आणि अचानक गुलामीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये जाऊन पडते. यंत्र नाही, सूत्र नाही. तिकडे एक गोरा मुलगा बुडतोय, त्याला वाचवायचं. तो मुलगा तिचाच पूर्वज. तो मेला तर ही जन्मणार नाही, आणि तो मोठा होऊन मालक होणार. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा बग दुरुस्त केला तर प्रोग्रॅमच बंद पडतो. शेवटच्या खेपेला परत येताना तिचा एक हात तिकडेच राहतो. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं आहे, मी काही फोडलं नाही.

'पॅरबल ऑफ द सोअर' 1993 चं, पण त्यातली रोजनिशी 2024 पासून सुरू होते. कॅलिफोर्निया, दुष्काळ, वणवे, भिंतीआड राहणारी माणसं. रात्री वाचू नका. मोठा पल्ला हवा असेल तर एन. के. जेमिसिन यांची 'ब्रोकन अर्थ' मालिका. तिन्ही भागांना ओळीनं तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आमच्या हौशी संस्थेला भाषांतर करून बसवण्यासारखं नाटक हवंय. सेट एकच, पात्रं कमी. (अकोला)

लॉरेन हॅन्सबेरी, 'अ रेझिन इन द सन', 1959. ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं नाटक. शिकागोतली दाटीची जागा, तीन पिढ्या, संडास-बाथरूम शेजाऱ्यांबरोबर सामाईक. वडील गेले, विम्याचा दहा हजार डॉलरचा चेक येणार. मुलाला दारूचं दुकान टाकायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आईला घर हवंय. चाळीत वाढलेल्या कुठल्याही नटाला तालमीची गरज लागणार नाही. पात्रं मात्र तुम्ही म्हणता तितकी कमी नाहीत, आणि प्रयोगाआधी हक्कांची रीतसर परवानगी काढा. खिडकीतलं आईचं मरगळलेलं रोप विसरू नका. ते प्लॅस्टिकचं आणाल तर मी येणार नाही.

पाककृतींचं पुस्तक चालेल का तुमच्या यादीत? (गृहिणी, वाई)

न चालायला काय झालं? एडना लुइस यांचं 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' (1976). गुलामीतून सुटलेल्या माणसांनी व्हर्जिनियात वसवलेलं फ्रीटाउन हे त्यांचं गाव. त्यांचे आजोबा ते वसवणाऱ्यांपैकी. प्रकरणं ऋतूंप्रमाणे: वसंतात काय, कापणीला काय, डुक्कर मारायच्या दिवसांत काय. तो शेवटचा भाग वाईत कितपत चालेल ठाऊक नाही. केक झाला की नाही हे ही बाई कान लावून ओळखायची. बुडबुड्यांचा आवाज मंदावला की झाला. आणि आपण ज्यांना अगदी घरचं समजतो ती भेंडी आणि चवळी मूळची आफ्रिकेची, तिकडे ती गुलामांबरोबर गेली. नवीन वर्षाच्या दिवशी तिकडे चवळी-भात करतात. त्याचा पसारा वाचायचा तर मायकेल ट्विटी यांचं 'द कुकिंग जीन' (2017). त्यात पाककृती थोड्या आणि वंशावळ फार.

एवढं सगळ्यांना सांगता, तुमचं स्वतःचं कुठलं? एकच. (वाचक, बेळगाव)

रिचर्ड राइट यांचं 'ब्लॅक बॉय', 1945. हो, तेच ते, झोराबाईंना झोडपणारे. राग येतो, तरी हेच. त्यातल्या एका प्रसंगासाठी.

मेम्फिस, 1927 च्या सुमाराला. राइट अठरा-एकोणीस वर्षांचा, चष्म्याच्या कंपनीत हरकाम्या. वर्तमानपत्रात मेंकेन नावाच्या गोऱ्या लेखकाला शिव्या घातलेल्या वाचतो आणि विचारात पडतो: गोरे एका गोऱ्याला एवढ्या शिव्या घालतात, म्हणजे यानं लिहिलंय तरी काय? पण शहराचं ग्रंथालय काळ्यांना बंद. गोऱ्या साहेबाची पुस्तकं आणायला नोकर म्हणून तेवढं आत जाता येतं. कामावरचा एक गोरा माणूस आपलं कार्ड देतो. राइट स्वतःच खोटी चिठ्ठी लिहितो: या पोऱ्याबरोबर मेंकेनची काही पुस्तकं द्यावीत. 'पोऱ्या'च्या जागी तोच हलका शब्द, स्वतःच्या हातानं स्वतःसाठी, बाईंना संशय येऊ नये म्हणून. टेबलामागच्या बाई चिठ्ठी बघतात, त्याच्याकडे बघतात. "तू तर नाही ना वाचत ही पुस्तकं?" तो म्हणतो, "नाही बाई, मला वाचता येत नाही." पुस्तकं मिळतात. रात्री खोलीवर तो बेसिनच्या गरम पाण्यात घेवड्याचा डबा तापवत ती उघडतो.

बाकीचे वाचक त्या पोराच्या बाजूनं वाचत असतील. मी तो प्रसंग टेबलाच्या अलीकडून वाचते. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी एक मुलगा यायचा, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याचा. कार्ड वडिलांच्या नावावर, नोंदवहीत सहीच्या जागी अंगठा. आठवड्याला दोन पुस्तकं, कधी सावरकर, कधी साने गुरुजी, एकदा ज्ञानकोशाचा खंड मागितला. तो घरी न्यायचा नसतो म्हणून मी मान वर केली आणि विचारलं, "हे सगळं बाबा वाचतात?" तो म्हणाला, "हो." मी खंड बाजूला ठेवला, दुसरं पुस्तक काढून दिलं आणि पंधरा दिवसांपुढच्या तारखेचा शिक्का मारला.